आरपार नक्षी: नेरिकोमीची पहिली बशी

माझी पहिली नेरिकोमीची, म्हणजे रंगीत माती रचून केलेली, बशी भट्टीपर्यंत पोचलीच नाही. निळ्या-पांढऱ्या चौकटींची, पंजाएवढी बशी होती. जानेवारीतल्या एका शनिवारी केली, कुंभारकामाच्या वर्गातल्या फळीवर ठेवली आणि घरी आले. पुढच्या शनिवारी पाहते तो प्रत्येक निळ्या चौकोनाच्या कडेने केसासारखी बारीक रेघ. उचलायला गेले तर चार चौकोन हातात आले, बाकीचे फळीवरच राहिले. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या शिक्षकांनी, एक तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि एकच शब्द उच्चारला, "मिझु." म्हणजे पाणी.

मी तोवर समजत होते की हे काम रंगांचं आहे. आता चार वर्षं झाली, तरी बशी बिघडली की कारण शोधत शोधत शेवटी पाण्यापाशीच जाऊन थांबते. तेव्हा खालचं वाचताना रंगांनी हरखून जा, पण एक डोळा पाण्यावर ठेवा.

मी जपानमधल्या त्सुकुबाला राहते. नवऱ्याची नोकरी इथल्या एका संशोधन संस्थेत, माझे शनिवार मोकळे. त्सुचिउराहून जोबान लाइनने तोमोबे, तिथे मितो लाइनची गाडी धरली की दुसरं स्टेशन कासामा. इबाराकी प्रांतातलं हे गाव अठराव्या शतकापासून कुंभारकामावर जगत आलंय. इथल्या वर्गात माझ्या बाजूला बसतात ते बहुतेक निवृत्त आजी-आजोबा, आणि त्यांचे हात माझ्यापेक्षा स्थिर आहेत.

नेरी म्हणजे मळणं, कोमी म्हणजे आत घालणं. भांडं तयार झाल्यावर वरून नक्षी रंगवायची, हा प्रकार इथे नाही. रंग मातीतच मळायचा, रंगीत माती रचून ठोकळा बांधायचा, ठोकळा कापला की नक्षी दिसते आणि त्या कापांचं भांडं करायचं. त्यामुळे नक्षी बशीच्या पोटातही असते आणि पाठीवरही, अगदी आरपार. ज्यांनी अळूवडीचा उंडा कापलाय त्यांना याहून जास्त सांगायला नको. जपानी माणूस यासाठी किंतारो-आमेचं उदाहरण देतो: कांडीसारखी गोळी, कुठेही तोडा, आत किंतारोचा, म्हणजे लोककथेतल्या एका मुलाचा, तोच चेहरा.

नेरिआगे हा शब्दही कानावर पडेल. कुणी म्हणतं मातीचे काप साच्यात बसवले तर नेरिकोमी आणि चाकावर चढवलं तर नेरिआगे, कुणी दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतं. त्यावर वाद घालत बसू नका. कासामात नेरिआगे म्हटलं की एकच नाव निघतं, मात्सुई कोसेई (१९२७–२००३). हे गावातल्या गेस्सोजी या बौद्ध मंदिराचे पुजारी, आणि १९९३ साली नेरिआगेसाठी 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान मिळालेले कुंभार. रंगीत माती चाकावर चढवली की बोटांनी रंग फासले जातात. त्यांनी त्यावर तोड काढली: बाहेरून हात न लावता भांडं आतून फुगवत न्यायचं. त्यांच्या काही मोठ्या कुंभांवर आधी पृष्ठभाग खरवडून मग आतून फुगवल्यामुळे सालासारख्या भेगा उमटल्या आहेत. म्हणजे ज्या भेगांनी मी रडकुंडीला आले, त्या या माणसाने मुद्दाम मागवून घेतल्या! गावातल्या इबाराकी सिरॅमिक कला संग्रहालयात जाऊन त्यांची भांडी आधी पाहा. फोटोत ती रंगवलेली वाटतात. समोर उभं राहिलं की कळतं, रंग वर नाही, आत आहे. माती रचून नक्षी करण्याची रीत चीनमध्ये तांग राजवटीतही होती, पण शिकायचं असेल तर डोळ्यांसमोर कासामा ठेवा.

वर्ग निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: "रंगीत माती आणलेली चालेल का?" अनेक ठिकाणी चालत नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे. कोबाल्टचा एक कण सगळ्यांच्या पांढऱ्या मातीत गेला तर कुणाच्या तरी चहाच्या कपावर निळा ठिपका उठतो. मी आधी ज्या वर्गात जात होते तिथे मला याच कारणासाठी नम्रपणे, तीनदा वाकून, नकार मिळाला होता.

आता माती. सगळ्या रंगांसाठी पांढरी माती एकच घ्या, एकाच पिशवीतली असेल तर फारच छान. लाल रंग हवा म्हणून एक लाल माती, काळा हवा म्हणून एक काळी, असं केलंत तर प्रत्येक माती आपापल्या मापाने आकसेल आणि जोडावर सुटेल. आम्ही बारीक पोताची पांढरी शिगाराकी माती वापरतो. खडे असलेली माती घेऊ नका. माती कापायची तार खड्याला अडकते आणि कापावर ओरखडा ओढते.

सुरुवातीला दोनच रंग: पांढरा आणि निळा. पांढरा म्हणजे मूळ मातीच, म्हणजे रंगवायचा एकच. रंगाचं प्रमाण कोरड्या मातीवर काढायचं असतं, इथे नवखे हमखास चुकतात. पिशवीतल्या मऊ मातीत साधारण पाचवा हिस्सा पाणी असतं. म्हणजे १ किलो ओल्या मातीत कोरडी सुमारे ८०० ग्रॅम. कोबाल्ट ऑक्साइड १ टक्का घातलं तर ८ ग्रॅम, आणि तेवढ्यात गडद निळा येतो. तयार रंगद्रव्य, ज्याला इथे गानऱ्यो म्हणतात, ते ५ टक्क्यांपासून पुढे लागतं, म्हणजे ४० ग्रॅम. लोखंडाच्या ऑक्साइडने तपकिरी, क्रोमने हिरवा. मात्र लोखंड आणि कोबाल्ट दोन्ही माती लवकर वितळवतात, म्हणून "अजून थोडं गडद" असं म्हणत हात सैल सोडू नका. गडद माती पांढरीपेक्षा जास्त आकसते आणि पुन्हा तीच केसासारखी रेघ.

पूड थेट मातीवर भुरभुरायची नाही. थोड्या पाण्यात खलून तिची पेस्ट करा, माती पातळ कापून प्रत्येक कापावर ती लावा, काप एकावर एक रचा आणि मळा. पूड हाताळताना धुळीचा मास्क आणि हातमोजे हवेतच. कोबाल्ट, क्रोम, मँगनीज ही काही हळद-कुंकू नाहीत. मँगनीज तर मी घरी आणतच नाही.

आता पाण्याची पहिली खोडी. पेस्टमुळे निळी माती पांढरीपेक्षा जास्त ओली होते. मी पहिल्या वेळी तशीच रचली. निळे चौकोन वाळताना जास्त आकसले, पांढरे तेवढे आकसले नाहीत, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. रंगवलेली माती प्लास्टरच्या फळीवर पसरून पांढरीच्या बरोबरीला आणा, मग दोन्ही एकाच पिशवीत, मध्ये प्लास्टिकचा कागद घालून, निदान दोन दिवस झाकून ठेवा. किती मऊ हवी? सेन्सेई म्हणतात "मिमिताबु", कानाची पाळी. एका हाताने पाळी चिमटायची, दुसऱ्याने माती. आमच्या वर्गात दर शनिवारी आठदहा माणसं कान धरून बसलेली दिसतात. बाहेरच्याला वाटावं शिक्षा झालीय.

मळण्याबद्दल थोडंच सांगते, कारण ते वाचून येत नाही. किकुनेरी म्हणजे शेवंतीसारखं मळणं: गोळा दाबत, थोडा थोडा फिरवत न्यायचा, पाकळ्यांसारख्या घड्या पडतात आणि हवा निघून जाते. ते जमायला तीन वर्षं लागतात असं इथे म्हणतात. मला दोन लागली असं मी म्हणते, सेन्सेई काही बोलत नाहीत. पांढरी आधी मळा, निळी नंतर, आणि मधे टेबल, हात, तार सगळं पुसा. गोळ्यांवर चिठ्ठी लावायला विसरू नका. कोबाल्ट ऑक्साइडची माती भाजण्याआधी निळी नसते, राखाडी असते. लोखंडाची वेगळी, क्रोमची वेगळी. भट्टीतून काय निघणार हे कच्च्या रंगावरून कळत नाही, म्हणून प्रत्येक रंगाची एक छोटी पट्टी आधी भाजून घ्या.

पहिली नक्षी चौकटीचीच करा. जपानीत तिला इचिमात्सु म्हणतात. एदोमधला, म्हणजे आजच्या टोकियोतला, काबुकी नट सानोगावा इचिमात्सु अठराव्या शतकात अशा चौकटींचा हाकामा (घेरदार पायजमा) घालून रंगमंचावर आला आणि नक्षीला त्याचंच नाव चिकटलं.

दोन्ही रंगांची एकेक किलो माती पुरते. मातीच्या दोन्ही बाजूंना ७ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवा (यांना तातारा-इता म्हणतात) आणि तार पट्ट्यांवरून घट्ट ताणून ओढा. असे १० बाय १५ सेंटिमीटरचे तीन पांढरे आणि तीन निळे थर कापा. प्रत्येक थरावर काट्याने हलके ओरखडे काढा आणि ब्रशने दोबे लावा. दोबे म्हणजे त्याच मातीचा दह्याइतका दाट घोळ. तो पांढऱ्या मातीचाच घ्या. निळा घोळ लावलात तर जोडाची रेघ पांढऱ्यावर उठून दिसते. आणि पातळ लावा. जास्त दोबे म्हणजे पुन्हा जास्त पाणी. आता पांढरा-निळा-पांढरा-निळा असे सहा थर रचा, मधून कडेकडे दाबत हवा काढा, ठोकळा टेबलावर सहाही बाजूंनी हलकेच आपटा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवा.

थर सहा, म्हणजे सम संख्येतच का? दुसऱ्या दिवशी हा पट्ट्यापट्ट्यांचा ठोकळा लांबीच्या दिशेने उभा, ७ मिलिमीटरच्या कापांमध्ये कापायचा असतो. प्रत्येक कापावर सहा पट्टे येतात. मग एक काप सुलटा, एक उलटा असे सहा काप जोडायचे, म्हणजे पांढऱ्याशेजारी निळा येतो. मी पहिल्यांदा पाच थर रचले होते. पाचाचा काप उलटा केला तरी पांढरा वर आणि पांढराच खाली! अर्धा तास मी तो उलटासुलटा करत होते आणि बाजूच्या आजी तोंडावर रुमाल धरून हसत होत्या.

१० सेंटिमीटर रुंदीतून चौदाएक काप निघतात. सहा-सहाचे दोन ठोकळे बांधा. प्रत्येकाचं तोंड सुमारे ४२ मिलिमीटर चौरस आणि लांबी १५ सेंटिमीटर. पुन्हा गुंडाळा आणि या वेळी दोन दिवस हात लावू नका. जोडावरचं दोबेचं पाणी आजूबाजूच्या मातीत पसरून सगळा ठोकळा एकसारखा व्हायला तेवढा वेळ लागतोच. मी लवकर कापून पाहिलाय. तार जोडापाशी आली की चौकोन घसरतात.

चौकट जमली की मग गोल वळी, फुलं, पिसं यांच्या मागे लागा. फुलासाठी मधल्या कांडीभोवती पाकळ्यांच्या लांब काड्या रचायच्या आणि मधल्या फटी पार्श्वभूमीच्या मातीने भरायच्या. ठोकळा चारी बाजूंनी थापटत लांब केला की फूल लहान होत जातं, आणि कापाकापातून तेच फूल निघतं. थापटताना टोकांकडची नक्षी वाकते. तिथला बोटभर भाग कापून बाजूला ठेवा, फेकू नका.

आता काप काढायची वेळ. दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटरच्या पट्ट्या, तार घट्ट, आणि प्रत्येक कापानंतर तार पुसायची. कापल्यावर नक्षी अस्पष्ट, फासल्यासारखी दिसेल. माझा जीव पहिल्यांदा इथेच खाली बसला होता. घाबरू नका, तो निव्वळ वरचा पापुद्रा आहे. नक्षी खाली शाबूत असते आणि शेवटी वर येते.

सुती कापडावर तीन बाय तीन असे नऊ चौरस कडेला दोबे लावून जोडा. सहा-सहाच्या चौकटी असल्यामुळे त्या जोडावर आपोआप पुढे चालू राहतात. वरून दुसरं कापड टाकून लाटणं हलकेच फिरवा, एकदा उभं, एकदा आडवं. एकाच दिशेने लाटलंत तर चौकोनांचे आयत होतात. कापडासकट उलटा आणि मागूनही तसंच. कच्ची चादर साधारण साडेबारा सेंटिमीटरची होते. वाळून आणि भाजून ती जवळपास आठवा भाग आकसेल, म्हणजे हातात अकरा सेंटिमीटरची बशी येते. पहिल्यासाठी हे माप उत्तम.

आकार द्यायला प्लास्टरचा साचा असला तर बरं, नसला तर शंभर येनच्या दुकानातला उथळ वाडगा पालथा घालून त्यावर ओलसर सुती कापड पसरा. मातीची चादर कापडासकट उचला, बोटांनी नाही. तळहाताने मधून कडेकडे दाबत जा. चुणी पडतेय असं वाटलं तर थांबा, दहा मिनिटं तशीच ठेवा, मग दाबा. ओल्या फडक्याने किंवा स्पंजने गुळगुळीत करायचा मोह आवरा. चाकावरच्या कामाची सवय असलेल्यांचा हात आपसूक पाण्याच्या भांड्याकडे जातो. इथे ते भांडं टेबलावर ठेवूच नका.

वाळवण हा या कामाचा निम्मा भाग आहे असं मी म्हणेन. कांतो प्रदेशात हिवाळ्यात कोरडा गार वारा सुटतो, आमच्याकडे त्याला त्सुकुबा-ओरोशी म्हणतात. माझी पहिली बशी खाण्यात त्याचाही हात होता. कडा दोन दिवसांत खडखडीत आणि मध्य अजून ओला. याउलट जूनमधल्या त्सुयुच्या पावसात माती आठवडाभर हलत नाही, आणि नेरिकोमीसाठी तो मोसम मला सर्वात आवडतो. बर्फ-मासळीचा थर्माकोलचा डबा मिळवा, तळाशी ओलं प्लास्टर ओता, ते घट्ट झालं की त्यावर बशी ठेवून झाकण लावा. यालाच इथे मुरो म्हणतात. बशी त्यात तीन-चार दिवस, मग वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत, दररोज कागद बदलायचा, मग नुसत्या कागदात. एकूण दोन आठवडे धरा. कडेवर प्लास्टिकची पट्टी ठेवली तर कड आणि मध्य बरोबरीने वाळतात. वजनाला एक हलकी फळी पालथ्या बशीवर ठेवली तर ती वाकतही नाही.

मधे एक दिवस येतो जेव्हा माती आंबटओली असते: बोटाचा ठसा उठत नाही, पण नखाने साल निघतं. जपानीत नामागावाकी. त्या दिवशी सगळी कामं बाजूला ठेवा. कान्ना, म्हणजे वाकवलेल्या पात्याचं खरवडायचं हत्यार, ते घेऊन वरचा अर्धा मिलिमीटर पापुद्रा काढायचा. पातं रंगाच्या कडेला समांतर फिरवा, आडवं नाही, आणि दर दोन फटकाऱ्यांनी पुसा. धुरकट राखाडी चादरीखालून चौकोनाची कड अशी धारदार बाहेर येते की आमच्या वर्गात तेवढ्यापुरतं सगळे आपलं काम सोडून बघायला येतात. दोन्ही बाजू खरवडा. मग कडा हलक्या गोल करा आणि पुन्हा मुरोत.

पूर्ण वाळल्यावर कच्ची भाजणी, सुयाकी, ८०० अंशांच्या आसपास. त्यानंतर राहिलेला धुरकटपणा पाण्याखाली धरून बारीक पॉलिश पेपरने घासा. कोरडं घासू नका, ती धूळ फुप्फुसांत जाते. नीट धुऊन दोन दिवस वाळू द्या.

झिलई, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, पारदर्शक आणि पातळ. जाड लावलीत तर निळा पसरल्यासारखा दिसतो आणि इतक्या खटाटोपाने मिळवलेली कड पुन्हा गेली. हिरव्यासाठी क्रोम वापरलं असेल तर झिलईत जस्त नाही ना हे विचारून घ्या. जस्ताजवळ क्रोमचा हिरवा तपकिरी होतो. अनेक कलाकार बाहेरून झिलई लावतच नाहीत, नुसतं घासून मऊ ठेवतात, आणि मलाही तेच आवडतं. पण ज्यातून खायचं-प्यायचं त्याची आतली बाजू झिलईखाली असलेली बरी. पक्की भाजणी आमच्याकडे १२३० अंशांवर, ऑक्सिडेशनमध्ये, म्हणजे भट्टीत हवा भरपूर खेळती ठेवून. भट्टी वर्गाची, सगळ्यांची मिळून लागते, तेव्हा चिठ्ठीवर रंगांची नावं लिहा म्हणजे लावणाऱ्याला कळतं.

उरलेले तुकडे परत पांढऱ्या मातीत टाकायचे नाहीत. ते एकत्र मळलेत तर चिखलाचा रंग येतो, पण न मळता नुसते एकमेकांवर दाबून कापलेत तर संगमरवरासारख्या शिरा उठतात. मी टोकांचे वाकडे भाग आणि उरलेसुरले काप जमवून त्यांच्या हाशिओकी करते, चॉपस्टिक टेकवायच्या बोटभर लांब पट्ट्या. भट्टी उघडते त्या दिवशी माझ्या बशीकडे कुणी फारसं बघत नाही. रुमालवाल्या आजी आधी हाशिओकींची टोपली पुढे ओढतात, आणि त्यातल्या सर्वात वाकड्या दोन उचलून पिशवीत टाकतात.